दलाली फुकट, फ्लॅट ऐंशी लाख

पहिलं घर शोधणाऱ्या माणसाला गार करायचं सगळ्यात स्वस्त वाक्य म्हणजे, ‘सर, तुमच्याकडून आम्ही एक रुपयाही घेत नाही.’ हे कानावर पडलं की रावेतच्या साईटवर भर उन्हात उभ्या नवरा-बायकोला एसी लावल्यासारखं वाटतं. हा गृहस्थ घरापासून गाडीने घेऊन आला, वाटेत उसाचा रस पाजला, सॅम्पल फ्लॅट दाखवला, कर्जाचं बघणारा पोरगाही त्याचाच, आणि वर पैसे घेत नाही! एवढं तर सख्खा मामासुद्धा करत नाही.

मामाला बिल्डर टक्केवारी देत नाही, एवढाच काय तो फरक.

या गृहस्थाच्या कार्डावर हल्ली ‘चॅनेल पार्टनर’ असं छापलेलं असतं. पार्टनर अर्थातच बिल्डरचा. त्याची दलाली बिल्डर देतो, म्हणजे ती तुमच्या फ्लॅटच्या भावात आधीच मुरलेली असते. ज्या साईटवर टक्का जाड, तिकडे गाडी आधी वळते. बजेट सत्तर सांगितलंत की पहिला फ्लॅट ऐंशीचा दिसतो. सत्तरवाला दाखवतात तो तुम्ही ऐंशीचाच घ्यावा म्हणून. म्हाळुंगेला तो ‘बाणेर अ‍ॅनेक्स’ म्हणतो, वाघोलीला ‘न्यू खराडी’. पाडव्याची ऑफर आज रात्री संपते, अक्षय्य तृतीयेला पुन्हा जन्म घेते. ‘टोकन टाकून ठेवा, सोमवारी रेट वाढतोय.’ वाढतोही बिचारा, कायम सोमवारीच.

कायदा नाही असं नाही. २०१६ च्या रेरा कायद्याने एजंटलाही नोंदणी सक्तीची केली. महाराष्ट्रात तर त्याला परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावं लागतं. (स्टेशनपासून ‘पाच मिनिटं’ हे अंतर कोणत्या वाहनाने, हा प्रश्न त्या परीक्षेत अनिवार्य करायला हवा.) करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. कार्पेटची व्याख्याही कायद्यात आहे : घरातल्या आतल्या भिंती धरायच्या, बाल्कनी धरायची नाही. महारेराच्या संकेतस्थळावर सगळं फुकट बघता येतं. प्रकल्पाचा क्रमांक ‘पी’ने सुरू होतो, एजंटचा ‘ए’ने. तरी आपण काय विचारतो? ‘स्विमिंग पूल कितव्या मजल्यावर?’

आता दुसरा प्राणी बघा. हा जुन्या सोसायट्यांमधले रिसेलचे फ्लॅट दाखवतो, स्कूटरवरून येतो, रस-बिस पाजत नाही आणि पहिल्याच भेटीत सांगतो, ‘व्यवहार झाला तर एक टक्का.’ लगेच आपला चेहरा पडतो. एक टक्का? नुसतं दार उघडून दाखवायचा?

ऐंशी लाखांचा रिसेल फ्लॅट पुण्यात घेतला तर मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे पाच लाख साठ हजार. नोंदणी फी तीस हजार. त्यातला एक रुपयाही कमी करा म्हणून दुय्यम निबंधकाशी कुणी घासाघीस करत नाही. घासाघीस होते ती एजंटच्या ऐंशी हजारांवर. गंमत म्हणजे घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. बरोबर ऐंशी हजार, एजंट फुकटात पडतो. पण ‘फक्त बाईच्या’ या अटीपाशी नवऱ्याचं गणित अचानक कच्चं होतं.

खरं तर दार उघडणं हे त्या एक टक्क्यातलं सगळ्यात हलकं काम. मालकाचं जुनं कर्ज बंद करून बँकेतून मूळ कागद सोडवायचे, सोसायटीच्या सेक्रेटरीला दुपारची झोप मोडून एनओसीवर सही करायला लावायची, भोगवटा प्रमाणपत्र शोधायचं, शेअर सर्टिफिकेटवर अजून वारलेल्या वडिलांचंच नाव आहे हे टोकन देण्याआधी हेरायचं, ही खरी हमाली. सगळेच एजंट ती करतात असं नाही. काही जण मालकाला नव्वद आणि तुम्हाला पंच्याऐंशी सांगून दोन्हीकडे चहा पितात. पण जो करतो, त्याला आपण टाळतो कसं, तर अगदी सुसंस्कृतपणे. फ्लॅट बघताना दारावरच्या पाटीवरचं नाव लक्षात ठेवायचं. ‘घरी बोलून कळवतो’ म्हणायचं. रविवारी चितळ्यांची बाकरवडी घेऊन थेट मालकाकडे जायचं. मालकही एक टक्का वाचणार म्हणून खूश. सोफ्यावर बसून दोन्ही बाजू दलाल जमातीला मनसोक्त शिव्या देतात, आणि व्यवहार ठरतो.

मग महिनाभराने शेअर सर्टिफिकेट उघडलं जातं. वडिलांचं नाव. दोन बहिणी, एक सासवडला, एक न्यू जर्सीला. हक्कसोडपत्र नाही. बँक कर्ज अडवते, मालक टोकन परत देईना, वकील पुढची तारीख देतो. अशा वेळी फोनमध्ये ‘एजंट रिसेल नको’ या नावाने सेव्ह केलेला नंबर सापडतो.

तो फोन उचलतो, सगळं ऐकून घेतो, ‘करू ना साहेब’ म्हणतो. त्याचा दर आता दोन टक्के असतो.