हीटरचा दिवाळसण

उभ्या गाडीचं इंजिन नुसती ऊब मिळावी म्हणून चालू ठेवणं जर्मनीत नियमात बसत नाही. दंड होतो. त्याआधी बहुधा समोरच्या इमारतीतले आजोबा खिडकी उघडून तो नियम ऐकवतात, कलमासकट. त्यामुळे ऐन डिसेंबरात ब्लॅक फॉरेस्टमध्ये कॅम्परव्हॅन उभी करून झोपायची हौस असेल, तर इंजिन बंद असताना गाडी गरम ठेवणारं काहीतरी लागतं. त्याचं नाव पार्किंग हीटर. हा सीटखाली मावतो, टाकीतलं डिझेल थेंबाथेंबाने घेतो, बाहेरच्या हवेवर जाळतो, धूर बाहेरच सोडतो आणि आतली हवा वेगळ्या वाटेने तापवून पायाशी आणून देतो.

आम्ही राहतो त्या स्टुटगार्टच्या परिसरात हा जिव्हाळ्याचा विषय आहे. जुन्या फोक्सवॅगन बसचं इंजिन मागे असायचं आणि हवेने थंड व्हायचं. रेडिएटरच नाही, त्यामुळे गरम पाणी नाही, आणि पुढे बसणाऱ्याच्या वाट्याला येणारी ऊब नावापुरती. म्हणून त्या गाड्यांना वेगळा पेट्रोल हीटर जोडून घ्यायची सोय होती. या धंद्यातली आजची दोन मोठी नावं म्हणजे एबरश्पेषर आणि वेबास्टो. दोन्ही कंपन्यांचा जन्म नेकरकाठच्या एकाच एस्लिंगेनमधला, पहिलीचा १८६५ सालचा, दुसरीचा १९०१ चा. दुसरीने सुरुवात केली ती तारेच्या आणि लोखंडी सामानापासून. तार आधी, हीटर नंतर, हा क्रम मला फार पटतो.

कारण हीटर बसवणं सोपं आहे. वायरिंगला बुद्धी लागते.

माझे बाबा कऱ्हाडजवळच्या गावात वीज मंडळात वायरमन होते. व्हिडिओ कॉलवर त्यांना हा सगळा बेत सांगितला, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न सरळ होता. “अगं, गाडीत बॅटरी आहे ना? मग कॉइलचा हीटर लाव की. डिझेल कशाला जाळतेस?”

“बाबा, दोन हजार वॅट लागतात. बारा व्होल्टवर किती अँपियर झाले?”

पलीकडे दोन क्षण शांतता. मग, “दीडशेच्या वर गं! मंडळाने तुझं कनेक्शनच तोडलं असतं.”

शंभर अँपियर-तासांची बॅटरी त्या हिशेबाने अर्ध्या-पाऊण तासात झोपली असती, आणि आम्ही जागे राहिलो असतो. याउलट एक लिटर डिझेलमध्ये सुमारे दहा युनिट वीज भरेल एवढी ऊर्जा असते. हीटर मंद चालवला तर तेवढ्यात रात्र निघते. म्हणजे ऊब सगळी डिझेलची. बॅटरीने फक्त पंखा फिरवायचा, डिझेलच्या पंपाला टकटक करायला लावायचं आणि सुरुवातीला काडी ओढून द्यायची.

ही काडी मात्र महागात जाते. पेटताना आतला ग्लो प्लग लालबुंद व्हावा लागतो आणि त्या काही मिनिटांत हीटर शंभरेक वॅट, म्हणजे आठ-साडेआठ अँपियर ओढतो. एकदा पेटला की मंद चालीवर एक अँपियरसुद्धा लागत नाही. बंद करतानाही तो लगेच बंद होत नाही. बटण दाबल्यावर पंखा काही मिनिटं फिरत राहतो, आतली उष्णता बाहेर काढतो, मगच थांबतो. दिवाळसणाला आलेल्या जावयाचं हेच असतं. आल्या आल्या सगळं घर कामाला लागतं, नंतर गडी चहाच्या कपावर खूश असतो, आणि ‘निघतो आता’ म्हटल्यावर उंबऱ्यात पुन्हा वीस मिनिटं जातात. ही उपमा मी मोठ्याने दिली तेव्हा आमच्या घरचे जावई सीटखाली टॉर्च धरून आडवे झाले होते. टॉर्च किंचित हलली, एवढंच.

“जावयांना टॉर्च धरायला लावलीस?” बाबा कळवळले. “जावईबापू, मान अवघडली असेल हो तुमची!” मुलगी दीड तास गाडीच्या फरशीवर पालथी होती, तिच्या मानेची चौकशी झाली नाही.

बाबांना खरी काळजी वायरच्या जाडीची होती. आमची दुसरी बॅटरी मागे पलंगाखाली, हीटर पुढे सीटखाली. पाच मीटर जायचं, पाच मीटर यायचं. एक स्क्वेअर एमएमची वायर घेतली तर दहा मीटर तांब्याचा रोध होतो साधारण ०.१७५ ओम. आठ अँपियरला तिथेच १.४ व्होल्ट खर्च. थंडीत अर्धी उतरलेली साधी लेड-ॲसिड बॅटरी भार पडल्यावर बाराच्याही खाली येते, त्यातून हे वजा करा. हीटरपाशी साडेदहा उरतात, आणि साधारण तिथेच हीटर ‘व्होल्टेज कमी’ म्हणून हात वर करतो. चार स्क्वेअरची घेतली की गळती ०.३५ व्होल्टवर येते. गंमत अशी की मध्यरात्री पडद्यावर तो संदेश पाहून लोक बॅटरीला शिव्या घालतात. दोष वायरच्या कंजुषीचा असतो.

बव्हेरियातल्या एर्लांगेनमध्ये जन्मलेल्या गेओर्ग ओमने हा नियम १८२७ साली छापला. बाबा तो डीपीपासून लांबच्या, शेवटच्या खांबावरच्या विहिरीवर शिकले. तिथली मोटार घुमते, पण पाणी उचलत नाही, आणि शेतकरी मोटारीवर चिडतो. “चारची घे. पैसे मी पाठवतो,” बाबा म्हणाले. वायरचे पैसे जाताना टपालखर्चात निघाले असते, पण मी होकार दिला.

फ्यूजवरून मात्र दोन पिढ्यांचं पटकन जमलं. फ्यूज हीटरला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. म्हणून तो बॅटरीच्या धन टोकाला खेटून हवा. हीटरजवळ बसवला तर मधली पाच मीटर वायर घासली जाऊन पत्र्याला लागली की तिला अडवणारं कुणी नाही. रंगांवरून गोंधळ झाला. घरगुती वायरिंगमध्ये युरोपात तपकिरी वायर जिवंत असते, आणि जर्मन गाडीत तीच तपकिरी ऋण असते. गाडीतल्या जोडण्यांना इथे आकडेही ठरलेले आहेत: ३० म्हणजे बॅटरीचा कायमचा धन, ३१ म्हणजे ऋण, १५ म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारा. हीटरला ३० हवा. १५ वर जोडला तर किल्ली काढताच त्याची वीज जाते आणि उंबऱ्यातला निरोप अर्धवट राहतो. आतली उष्णता आतच कोंडते, यंत्राचं आयुष्य घटतं. बॅटरी वाचवण्यासाठी मध्ये आपोआप वीज तोडणारं यंत्र बसवायचा मोहही त्यासाठीच आवरावा.

एका बाबतीत मात्र विनोद नको. धुराची नळी गाडीच्या खालून बाहेर, खिडकी-दारापासून लांब न्यायची, सांधे घट्ट करायचे आणि आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावायचाच. त्या वायूला वास नसतो.

उरलेली गोष्ट बॅटरीची. आम्ही लिथियमची घेतली, एलएफपी. तिला शून्याखालच्या थंडीत चार्ज केलेलं चालत नाही. म्हणजे गाडी गरम व्हायला बॅटरी भरलेली हवी, आणि बॅटरी भरायला गाडी गरम हवी. हे चक्र वाचून नवरा पहिल्यांदा मोठ्याने हसला. उपाय साधा आहे: बॅटरी आतल्या उबेत ठेवायची आणि सकाळी हीटर चालू ठेवूनच गाडी रस्त्याला लावायची. छतावरच्या सोलर पॅनेलची आशा धरू नये. इथला डिसेंबरातला सूर्य झाडांच्या शेंड्यांवरून डोकावतो आणि चारनंतर दिसत नाही.

पहिली चाचणी घराखालीच घेतली. पंखा, मग टकटक, मग डिझेलचा किंचित वास आणि गरम झुळूक. फोनवर बाबांनी सगळं मन लावून ऐकलं. मग त्यांनी विचारलं, “अर्थिंग कुठे केलंस?”

“गाडीला कसलं अर्थिंग, बाबा? ऋण टोक बॉडीला जोडलंय. गाडी रबरावर उभी आहे.”

“रबरावर,” बाबा म्हणाले. त्यांना ते अजिबात आवडलेलं नव्हतं. “असू दे. डिसेंबरात आम्ही येतोच आहोत. तांब्याची प्लेट मी बॅगेत टाकतो. मीठ आणि कोळसा तिकडे मिळतो ना?”