मोतीबिंदूच्या बाबतीत एक दरखास्त

लंडन, भाद्रपद वद्य पंचमी

तीर्थरूप बाबा,

आपले पत्र पावले. पाम बीच मार्गावरील दिव्यांभोवती हल्ली वलये दिसतात, वृत्तपत्रांची शाई निकृष्ट झाली आहे, आणि गेल्या उन्हाळ्यात नेरूळच्या तळ्यावर उतरलेल्या रोहित पक्ष्यांचा गुलाबी रंग निम्म्याने उडाला होता, या तिन्ही गुन्ह्यांची चौकशी व्हावी म्हणून आपण ठिकठिकाणी अर्ज धाडण्याच्या विचारात आहात, असे त्यात वाचले. कोर्टात नाझर म्हणून जप्तीची वॉरंटे बजावून घेण्यात ज्यांची हयात गेली, त्यांनी तीन निरपराध आरोपी पकडावेत आणि खऱ्या आरोपीला स्वतःच्याच चष्म्याआड आश्रय द्यावा, याचे आम्हा सर्वांस नवल वाटले. आपल्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, हे डॉक्टरांनी लेखी दिलेले असून तो कागद आईने देव्हाऱ्याखालच्या खणात जपून ठेवला आहे.

‘अजून पिकला नाही’ ही आपली सबब. बाबा, मोतीबिंदू म्हणजे अढीत घातलेला रायवळ आंबा नव्हे. आजोबांच्या काळी डोळ्यातील भिंग काढून टाकीत आणि त्या जागी काहीच बसवीत नसत. मग जन्मभर बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचांचा चष्मा लावावा लागे, आणि म्हणून दृष्टी पुरती अधू होईपर्यंत थांबण्यात शहाणपण होते. त्या चष्म्यातून जग सुमारे पाव हिश्शाने मोठे दिसे, त्यामुळे आजोबा चहा बशीऐवजी सतरंजीवर ओतीत आणि दोष मात्र बशीला देत, हे आपणच आम्हांस सांगितले आहे.

ती अडचण दूर झाली ती याच शहरात, थेम्सकाठच्या सेंट थॉमस रुग्णालयात. दुसऱ्या महायुद्धात विमानाचे परस्पेक्स या पारदर्शक प्लास्टिकचे तावदान फुटून त्याचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत रुतत, तरी त्या कणांमुळे डोळ्याचा दाह होत नसे, हे हॅरॉल्ड रिडली या नेत्रवैद्याने हेरले आणि 29 नोव्हेंबर 1949 रोजी तशाच पदार्थाचे भिंग एका रुग्णाच्या डोळ्यात बसवले. समव्यवसायी मंडळींनी त्यांची वर्षानुवर्षे यथास्थित हेटाळणी केली. पुढे वृद्धापकाळी त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांतही तशीच भिंगे त्याच रुग्णालयात बसवण्यात आली, तेव्हा तो निकाल अपिलातही कायम झाला असे आपण समजावे. अमेरिकेतील चार्ल्स केलमन यांना तर दंतवैद्याच्या खुर्चीत बसले असता, दात साफ करणाऱ्या कंपनयंत्रावरून मोतीबिंदू आतल्या आत फोडून शोषून घेण्याची युक्ती सुचली. आता छेद जेमतेम तीन मिलिमीटरचा असतो. मात्र मोतीबिंदू जितका जुना तितका टणक, आणि टणक झाला की तो फोडणे अवघड. म्हणजे पिकण्याची वाट पाहणारा मनुष्य शस्त्रवैद्याचे काम तेवढे वाढवून ठेवतो.

माझेही डोळे परवा तपासून घेतले. प्रथम एका यंत्राने, डोळ्यातील दाब मोजण्यासाठी, बुबुळावर अशी अकस्मात फुंकर मारली की माझ्या तोंडून शुद्ध मराठीत ‘आई गं’ निघाले. मग अंधाऱ्या खोलीत तपासनीस बाई भिंगे पालटीत अत्यंत मृदू स्वरात विचारू लागल्या, ‘एक बरे, की दोन?’ परक्या बाईंचे मन कसे मोडावे, या संकोचाने मी ‘दोन्ही आपापल्या जागी उत्तम’ असे सांगितले. त्यावर त्यांनी दीर्घ श्वास घेऊन पुन्हा ‘एक’पासून आरंभ केला. अखेर चाळिशीचा नंबर वाढला. ‘मी हे केव्हाच सांगत होते,’ असे आपल्या सूनबाई म्हणाल्या, आणि त्यांनी तपासणीची फी घेतली नाही, एवढाच काय तो फरक.

आपण ‘लंडनला येऊन करून घेईन’ असे सुचवले आहे. येथे सरकारी इस्पितळात पैसे पडत नाहीत हे रहिवाशांपुरते खरे. पण त्यांच्याही नशिबी रांग असतेच, आणि महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या आरतीनंतर ज्येष्ठ मंडळी प्रसादापूर्वी एकमेकांस आपापली तारीख विचारतात. याउलट ज्या महाराष्ट्रात डॉ. तात्याराव लहाने यांनी लाखावर मोतीबिंदू काढले, तेथे राहून आपण विलायतेकडे डोळे लावावेत, हे शोभत नाही. नेरूळहून पनवेल कितीसे लांब? पनवेलला लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट आहे, न्यू पनवेलला शंकरा नेत्र रुग्णालय आहे. दोहोंपैकी कोठे जावे याचा निर्णय आईवर सोपवावा, म्हणजे तो होईल.

शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात पाणी जाऊ देऊ नये, चोळू नये, आणि शेजारच्या काकूंचा मध, गुलाबपाणी वा अन्य कोणताही घरगुती ऐवज, त्यांनी कितीही आग्रह केला तरी, डोळ्यात घालू नये. केवळ डॉक्टरांचे थेंब, तेही वेळच्या वेळी.

तरी दिवाळीपूर्वीची तारीख मुक्रर करून उलट टपाली कळवावी, म्हणजे मी रजा टाकून तिकीट काढतो. तहकुबीचा अर्ज मंजूर होणार नाही.

आपला आज्ञाधारक,
धाकटा