कुठल्या पाळीला कुठला सिनेमा

मूड बघून सिनेमा निवडावा, असं सांगणाऱ्या माणसानं तीन पाळ्यांत कधी काम केलेलं नसतं. आमच्या चिंचोळी एमआयडीसीत मूड नोटीस बोर्डावर लागतो. पुढच्या आठवड्यात आपण उदास असणार की खुशीत, हे शिफ्टचा चार्ट बघितला की कळतं. सिनेमाचं त्यावरून ठरतं.

रात्रपाळीवाल्याचा सिनेमा सकाळी सुरू होतो. कंपनीची बस सोलापुरात सोडते, माणूस आंघोळ करतो, खिडकीला चादर अडकवून आडवा होतो आणि नेमकी झोप येत नाही. अशा वेळी नवाकोरा सिनेमा लावणारा माणूस कच्चा. नव्या सिनेमाला लक्ष द्यावं लागतं, आणि लक्ष तर रात्रभर मशीनला देऊन झालेलं असतं. इथे पाठ असलेलाच सिनेमा लागतो. १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ या कामी अजोड. कुठूनही लावा, लक्ष्या आणि सचिन एक तर साडीत असतात नाहीतर साडी नेसायच्या बेतात, आणि अशोक सराफ दोघांचं निस्तरत असतो. डोळा लागला तरी काही बुडत नाही. जाग येते तेव्हा घरमालकीण अजून फसलेलीच असते. ‘सूर्यवंशम’ही चालतो. १९९९ साली तो थिएटरात आला आणि गेला. टीव्हीनं मात्र त्याला आजतागायत सोडलेलं नाही. त्यातली विषाची खीर आमच्या घरात इतक्या वेळा शिजली आहे, की आता कुणी दचकतही नाही.

दुसऱ्या पाळीचा माणूस मध्यरात्री घरी पोचतो. घर झोपलेलं, रिमोट मोकळा. जगात स्वतःच्या पसंतीचा सिनेमा बघणारा एवढा एकच प्राणी असावा. अट एकच, आवाज वाढवायचा नाही. त्यामुळे मारामारीचे सिनेमे बाद. गब्बरसिंग कुजबुजायला लागला तर त्याला कोण भिणार? शिवाय ‘शोले’ तीन तासांहून मोठा. मध्यरात्री सुरू केला तर इंटरव्हल दुसऱ्या दिवशी रात्री. पहिल्या पाळीची मात्र संध्याकाळ मोकळी आणि घर भरलेलं. त्या आठवड्यात काय बघायचं ते आपल्याला कुणी विचारत नाही, म्हणून त्याबद्दल लिहिण्यासारखंही काही नाही.

पूर्वी ही कटकट नव्हती. सोलापुरात गिरण्यांचे भोंगे होते, तेव्हाच्या लोकांना एवढंच विचारायचं असायचं : कुठला लागलाय? भागवतांच्या एकाच आवारात अनेक थिएटरं. रडायच्या तयारीनं जावं, तिथे हाऊसफुल्लची पाटी दिसावी, मग शेजारच्या पडद्यावर मारधाड बघून घरी यावं. पूर्व भागात तेलुगू सिनेमे लागायचे, तिकडे भाषा न येणारेही जायचे आणि शिट्ट्या बरोबर जागेवर मारायचे. कुणाचा मूड बिघडल्याचं ऐकिवात नाही. मला तर वाटतं, मूड बिचारा आज्ञाधारक असतो. तिकीट हातात पडलं की त्याप्रमाणे जुळवून घेतो.

नाहीतर ‘नटसम्राट’चा उलगडा कसा करायचा? २०१६ च्या १ जानेवारीला तो आला. नवीन वर्षाचा पहिला दिवस, लोकांनी नवे कपडे घातले, बायकापोरांना घेतलं आणि म्हाताऱ्या बापाला घराबाहेर पडावं लागतं तो सिनेमा बघून डोळे सुजवून आले. आणि खूश होते! मराठी माणसाला आनंदाच्या प्रसंगी रडायला बरं वाटतं, हे त्याच्या लग्नातही दिसतं. १९९१ ला ‘माहेरची साडी’ आला तेव्हा खेड्यापाड्यांतून बायका गाड्या करकरून गेल्या, त्या रडायला. २०२३ ला ‘बाईपण भारी देवा’ आला, तेव्हाही साड्या नेसून, गॉगल लावून घोळकेच्या घोळके गेले. या वेळी हसायला. तरी मध्ये एकदा रडून घेतलंच. माझ्या मते दोन्ही वेळा सिनेमा हे निमित्त. घरातल्या स्वयंपाकाला तीन तास सुट्टी, हा खरा प्रसंग.

प्रसंगांचे सिनेमे टीव्हीवाल्यांनी ठरवून टाकलेत. १५ ऑगस्टला ‘बॉर्डर’. सोलापूरकरांनी खरं तर त्या दिवशी ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ मागून घ्यायला हवा. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे. १९४२ मध्ये तिथेच गेले, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये सिनेमा काढला, कोटणीस स्वतः झाले आणि त्यांच्या चिनी पत्नीचं काम जयश्रीबाईंना दिलं. आजच्या डोळ्यांना त्या चिनी वाटत नाहीत, पण देशभक्तीच्या दिवशी एवढं चालवून घ्यावं.

खंडेनवमीला मशीनला हार घालतात, त्या दिवसाला मी चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ सुचवला होता. १९३६ चा, जवळजवळ बिनबोलाचा, कारखान्यातला. नटबोल्ट आवळून आवळून चॅप्लिनचे हात थांबतच नाहीत, तो समोर दिसेल ते पान्यानं आवळत सुटतो. जग ज्याला हसतं तो प्रसंग आमच्या सीएनसीवाल्यानं गंभीरपणे पाहिला आणि म्हणाला, “काय बे, तेवढ्यात रिजेक्शन किती गेलं असंल?”

सध्या वेगळाच पेच आहे. आमच्या लाइनवरचे मामा रिटायर होतायत. निरोपाला जेवण आणि नंतर हॉलमध्ये सिनेमा, असं ठरलं. ‘बागबान’ कुणीतरी सुचवला आणि सगळ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहा आणायला गेला. ‘नटसम्राट’चं नाव काढायचीच बंदी. शेवटी मामांनाच विचारलं. ते म्हणाले, “‘सैराट’ लावा की. बघायचा राहिलाय.”

नागराज मंजुळे आपल्याच जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. २०१६ च्या एप्रिलअखेरीस ‘सैराट’ आला आणि सगळा जिल्हा थिएटरात होता. मामा ओव्हरटाइमवर होते. नंतरच्या प्रत्येक वरातीत ते त्याच्या गाण्यावर नाचलेत. एवढं नाचायला लावणारा सिनेमा म्हणजे शेवटी लग्न होऊन सगळं गोड होत असणार, अशी त्यांची खात्री. की आमची गंमत चाललीय? त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही. शेवट त्यांना कोण सांगणार, यावर कँटीनमध्ये दोन तट पडलेत. इलेक्ट्रिशियनचं म्हणणं, काही सांगू नका. इंटरव्हलला जेवणाची पानं मांडा, पुढं मी मेन स्विच बघतो.