चारशे मीटरचं गांडूळ

सिनेमागृहातून बाहेर पडताना भाच्याचं तोंड पाहिलं आणि मला आमच्याकडच्या लग्नाच्या पंगती आठवल्या. जेवण झकास झालेलं असतं, पण ज्या एका जिनसेवर डोळा ठेवून माणूस बसलेला असतो, नेमकी तीच त्याच्या पानापर्यंत पोचायच्या आत संपते. मग तो पोट भरल्याचं कबूल करतो, पण वाढप्याला माफ करत नाही.

‘‘कसा वाटला?’’ मी विचारलं.

‘‘मस्त आहे मामा. पण आलियाच नाही.’’

‘‘आलिया होती का त्याच्यात?’’ शेजारचे काका मागून आले. ‘‘पोस्टरवर तं नाही दिसली, बाप्पा.’’

हा ३ मार्च २०२४ चा रविवार. ‘ड्यून’चा दुसरा भाग शुक्रवारी लागला होता, आणि माजरीहून आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको, भाचा आणि काका, सकाळच्या गाडीनं नागपूरला आलो होतो. भाचा शिकतो नागपुरातच. तरी आम्हाला न्यायला म्हणून आदल्या दिवशी घरी आला होता, यावरून त्याची भक्ती ओळखावी. वरोरा, हिंगणघाट, सेवाग्राम करत गाडी चालली होती, रुळाच्या दोन्ही अंगांना पळस पेटला होता, आणि हा पठ्ठ्या आम्हाला राजघराण्यांची नावं पाठ करायला लावत होता. बायकोनं डब्यातल्या पोळ्या काढल्या तेव्हा कुठं परीक्षा थांबली.

माजरीबद्दल बाहेरच्या माणसाला एवढंच सांगतो की इथं रेल्वेचं जंक्शन आहे आणि कोळसा आहे. जंक्शनवरून एक फाटा वणीकडून आदिलाबादला जातो. कोळसा मात्र सगळीकडं जातो. कोळसा काढायचा तर आधी त्याच्या डोक्यावरची माती उचलावी लागते. वरची काळी, खालची पिवळी, त्याखालचा वाळूचा दगड, सगळं डंपरमध्ये भरून बाजूला रचतात. त्याला आम्ही ‘ओबी’ म्हणतो. वर्षानुवर्षं रचून त्याचे डोंगर होतात. आमच्या गच्चीवरून जे दिसतं त्याला पाहुणे टेकडी म्हणतात. आम्ही दुरुस्त करत नाही.

२०२१ च्या दिवाळीत भाच्यानं पहिल्यांदा ‘ड्यून’ची गोष्ट सांगितली ती याच गच्चीवर. पहिला भाग नुकताच येऊन गेला होता. एक रखरखीत ग्रह आहे म्हणे. वाळूच वाळू. त्या वाळूत एक मसाला सापडतो, ज्याच्यावर सगळ्या साम्राज्याचा वाहतूक-व्यवहार चालतो. बाहेरचे लोक मोठमोठी यंत्रं घेऊन येतात, मसाला काढून नेतात, आणि तिथल्या माणसांच्या वाट्याला धूळ येते.

‘‘मग यात नवीन काय?’’ बायको वाळत घातलेल्या चादरी झटकत म्हणाली. चादरीतून जे उडालं ते कोणत्या ग्रहावरचं होतं हे सांगायला नको.

पुस्तक मात्र तो माझ्याकडं विसरून गेला. मुद्दाम विसरला असं मला आता वाटतं. मी नुकताच रिटायर झालो होतो, आणि रिटायर माणसापुढं जाडजूड इंग्रजी पुस्तक ठेवणं म्हणजे रिकाम्या साइडिंगवर रेक लावण्यासारखं आहे, भरलं जाणारच. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी ते दहा महिन्यांत संपवलं. फ्रँक हर्बर्ट या अमेरिकन पत्रकारानं १९६५ साली छापून आणलेलं हे पुस्तक त्याआधी वीसेक प्रकाशकांनी परत पाठवलं होतं. शेवटी छापलं ते चिल्टन नावाच्या प्रकाशनानं, ज्यांचं नाव मोटार दुरुस्तीच्या पुस्तकांसाठी होतं. काकांचा जन्म डंपरच्या वर्कशॉपात गेला. ही एक गोष्ट ऐकून त्यांचा कादंबरीवर जो विश्वास बसला तो न वाचता आजतागायत टिकून आहे.

दुसरा भाग खरं तर नोव्हेंबर २०२३ मध्येच यायचा होता. हॉलिवूडच्या नटांनी संप केला आणि तारीख मार्चवर गेली. भाचा हे मरणाच्या बातमीसारखं सांगत आला. काकांनी चहा बशीत ओतता ओतता विचारलं, ‘‘किती दिवस चालला संप?’’ एकशे अठरा. काकांनी बशी खाली ठेवली. उभी हयात युनियनमध्ये काढलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर आदर कसा उमटतो ते मी त्या दिवशी पाहिलं. ‘‘मग पिच्चर पाहू आपण त्याह्यचा,’’ ते म्हणाले. काकांचं तिकीट असं निघालं.

आता सिनेमा. दोन तास सेहेचाळीस मिनिटांचा. त्यात मध्यंतर दिग्दर्शकानं ठेवलेलं नाही, पण आपल्याकडं समोशांचा धंदा दिग्दर्शकाला विचारून चालत नाही. ऐन रंगात दिवे लागले. भाचा डोळे मिटून बसून राहिला, चित्र पुसलं जाऊ नये म्हणून.

त्या वाळूत प्रचंड अळ्या राहतात. जमिनीवर तालात पाऊल पडलं की त्यांना खाली कळतं आणि त्या येतात. म्हणून तिथली माणसं मुद्दाम बेताल चालतात. एक पाऊल घासत, एक थांबून, लग्नाच्या वरातीत नाचता न येणारा मावसभाऊ चालतो तसं. अळीला बोलवायचंच असेल तर जमिनीत एक ठोके देणारं यंत्र रोवतात. थड, थड, थड. मग लांबून जमिनीच्या पोटातून घुमारा येतो, खुर्च्या हादरतात, छातीत काहीतरी दबतं. अख्खं सिनेमागृह श्वास रोखून बसलेलं. आणि त्या क्षणी काकांनी, बायकोनं आणि मी, तिघांनी एकदम मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

दुपारी दोनच्या सुमाराला खाणीत ब्लास्टिंग होतं. आधी भोंगा, मग पायाखालून तो धक्का, मग कपाटातल्या बशा. तीस-पस्तीस वर्षं हे ऐकलं की शरीर आपोआप वेळ बघतं. त्या अंधारात आम्ही तिघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि बायकोला हसू आवरेना. मागच्या रांगेतून कुणीतरी ‘शूऽऽ’ केलं. पुढच्या वर्षी या सिनेमाला दृश्यकरामतीचं आणि आवाजाचं अशी दोन ऑस्कर मिळाली. पहिल्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. आवाजाबद्दल मात्र माजरीची शिफारस आधीच गेली होती असं समजावं.

मध्यंतरात बायकोनं भाच्याला विचारलं, ‘‘ते गांडूळ त्यांना खातं, की ते गांडुळावर बसतात?’’

‘‘मामी! गांडूळ नाही हो. चारशे मीटर लांब असतं पुस्तकात.’’

‘‘मग मोठं गांडूळ. शेतकऱ्याचा मित्र.’’

भाच्यानं समोसा खाली ठेवला. अमेरिकेत एका थिएटरवाल्यांनी याच अळीच्या तोंडाच्या आकाराची पॉपकॉर्नची बादली काढली होती आणि जगभर तिची टिंगल झाली, ती त्यानं पचवली होती. पण घरच्या माणसानं गांडूळ म्हणावं?

काकांना सगळ्यांत आवडला तो स्टिल्गार. वाळवंटातल्या टोळीचा म्होरक्या. नायक हाच आपला तारणहार, हे त्यानं ठरवून टाकलेलं. नायकानं काहीही केलं की हा म्हणणार, बघा, भाकीत खरं झालं. नायक बिचारा सांगतो, मी नव्हे तो. यावर हा डोळे विस्फारून म्हणतो, किती नम्र, म्हणजे तोच! जगभरातल्या चाहत्यांनी या माणसाला डोक्यावर घेतलं ते हसून हसून. काका हसले नाहीत. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती, चंद्रपूरचं मतदान एप्रिलमध्ये व्हायचं होतं, आणि तिकिटाच्या चर्चांनी पानठेले गाजत होते. ‘‘बरोबर दाखवलं,’’ ते म्हणाले. ‘‘जो ‘मी उभा नाही’ म्हणते, थोच उभा राह्यते.’’

परतीच्या गाडीत मग तक्रारींचा डबा उघडला.

भाच्याची तक्रार आलियाची. पुस्तकात नायकाला ही धाकटी बहीण असते. आईनं गरोदरपणी एक जहाल द्रव्य प्यायलेलं, त्यामुळं पोटातच तिला सगळं ज्ञान होतं, आणि बोबडं बोलायच्या वयात ती म्हाताऱ्यासारखी बोलते. गोष्टीतला खलनायक म्हणजे एक लठ्ठ, दुष्ट बॅरन, त्याला तीच मारते. सिनेमात गोष्ट थोड्या महिन्यांत आवरली, त्यामुळं ती जन्मालाच येत नाही. पोटातून बोलते, क्षणभर स्वप्नात मोठी झालेली दिसते, बस. बॅरनला भाऊच उरकतो.

‘‘म्हणजे अभिमन्यू,’’ बायको म्हणाली. ‘‘पोटात ऐकलं.’’

‘‘हो, पण मामी, अभिमन्यूला चक्रव्यूहात जाऊच दिलं नाही तर कसं वाटेल?’’

यावर ती गप्प झाली. मुलाचं दुःख खरं होतं. ते त्याला आईकडून आलंय. माझ्या बहिणीनं सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ कॉलेजात असताना इतक्यांदा वाचली होती की तिच्या प्रतीला पाठपुठ्ठा राहिला नव्हता. २०१३ साली सिनेमा आला, सगळं वरोरा लोटलं, आणि ही बाहेर येऊन फक्त एवढंच म्हणाली, ‘‘गाणी चांगली आहेत.’’ मेव्हणे आठवडाभर घरात जपून वावरत होते.

बायकोचा प्रश्न चानीचा. नायकाची प्रेयसी. शेवटी नायक राज्यासाठी सम्राटाच्या मुलीचा हात मागतो. पुस्तकात चानी त्याच्याजवळच राहते. सिनेमात ती मान वाकवत नाही, पाठ फिरवते, आणि एकटी वाळवंटात निघून जाते. यावरून चाहत्यांत दोन तट पडलेत, भाचा सांगत होता. एक म्हणतो मूळ पात्राचा खून झाला, दुसरा म्हणतो लेखकाला जे म्हणायचं होतं ते दिग्दर्शकानंच नीट म्हटलं. हर्बर्टला स्वतःला लोकांनी नायकाला हिरो समजणं खुपलं होतं; पुढचं, १९६९ चं पुस्तक त्यानं त्या हिरोची घसरण दाखवणारं लिहिलं.

‘‘गेली ते बरंच केलं,’’ बायको खिडकीबाहेर पाहत म्हणाली. मग जरा वेळानं, ‘‘पण पाणी घेतलं होतं का तिनं सोबत?’’

आणि माझी तक्रार? मला कुणी विचारलं नाही, म्हणून इथं मांडतो.

मी पडलो परिशिष्टं वाचणारा माणूस. पुस्तकाच्या शेवटी हर्बर्टनं त्या ग्रहाच्या पर्यावरणावर एक लांबलचक परिशिष्ट दिलंय. काइन्स नावाचा एक शास्त्रज्ञ वाळवंटातल्या लोकांना ग्रह हिरवा करायला शिकवतो. आधी गवत. तेही वाऱ्याच्या आडोशाला येणाऱ्या उतारावर, म्हणजे टेकडी सरकायची थांबते. मग जरा उंच गवत, मग झुडपं, मग झाडं. लोक विचारतात, किती दिवस लागतील? तो सांगतो, तीनशे ते पाचशे वर्षं. मेलेल्या माणसांचं पाणी काढून ते लोक गुहेत साठवतात, तहान लागली तरी त्याला हात लावत नाहीत, ते कशासाठी? तर या गवतासाठी. पडद्यावर तो तलाव आहे, सुंदर आहे, पण झाडांचं सगळं प्रकरण दोन वाक्यांत गुंडाळलंय.

भाच्याला हे कळणार नाही. मी खाणीच्या सर्व्हेत होतो. पावसाळ्यात मला जुन्या ओबीवर रोपं मोजायला पाठवायचे. करंज, शिसम, बांबू, सुबाभूळ. कुठल्याही रोपाआधी गवत धरावं लागतं, नाहीतर पहिल्या मोठ्या पावसात उतार चिरत जातो आणि रोपं मातीसकट पायथ्याशी येऊन पडतात. मी छत्री काखेत धरून ओल्या वहीवर आकडे लिहायचो. मागच्या साली जिवंत किती, यंदा किती, शेळ्यांच्या पोटात किती. काइन्सला पाचशे वर्षं मिळाली. आम्हाला सगळं ३१ मार्चच्या आत हिरवं दाखवायचं असायचं.

म्हणून पुस्तकाच्या जन्माची कथा वाचली तेव्हा मी अंथरुणात उठून बसलो होतो. हर्बर्ट १९५७ मध्ये ओरेगॉन राज्यातल्या फ्लोरेन्स नावाच्या गावी गेला होता. तिथं समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्या सरकत रस्त्यांवर, घरांवर येत, आणि सरकारी शेतकी खात्याची माणसं गवत लावून त्यांना थोपवत होती. त्याला त्यावर एक लेख लिहायचा होता. लेख काही छापून आला नाही. त्याऐवजी आठेक वर्षांनी हे एवढं साम्राज्य, हे सम्राट, बॅरन, तारणहार आणि चारशे मीटरचं गांडूळ उभं राहिलं. मुळात सगळं गवत लावणाऱ्या सरकारी नोकरांवरून. आणि सिनेमात त्यांचाच पत्ता कट!

हे मी शेवटी हिंगणघाटच्या पुढं भाच्याला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘मामा, गवताचा सीन कोण पाहील?’’

‘‘मी.’’

त्या श्रावणात तो आला तेव्हा स्वतःहून म्हणाला, चला, दाखवा तुमचं गवत. जुन्या ओबीवर चढलो. पाऊस उघडला होता, गवत कमरेला लागत होतं, वरच्या सपाटीवर कुणाच्यातरी दोन शेळ्या चरत होत्या. लांबवर खाणीचा खड्डा, त्यात मुंग्यांएवढे डंपर. भाचा जरा चाळवला आणि सिनेमातल्यासारखा चालून दाखवू लागला, एक पाऊल घासत, एक थांबून.

दोन वाजले होते. भोंगा झाला तो आम्हाला वाऱ्यामुळं ऐकू आला नाही. पायाखालून धक्का आला तसा भाचा एक पाय वर धरून जागच्या जागी थिजला, तोंड उघडं, नजर जमिनीवर.

शेळीनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं, तोंडातलं गवत तसंच चघळत.