वीस ब्रास वाळू

"घ्या वहिनी, कढीपत्त्याची फांदीच घ्या. आणि ऐकलंत का, आमच्या सुनेवर बिल्डरकडे चोर पकडायची वेळ आली होती."

"अगं बाई! त्या तर कॉम्प्युटरवाल्या ना?"

"तीच. डेटा इंजिनिअर. हाताखाली तीन पोरं. पाच साइटचा माल, मजुरांची हजेरी, बिलं, सगळं एका ठिकाणी आणायचं. मला वाटायचं, एसीत बसायचं काम. कसलं काय! निम्मी माहिती व्हॉट्सअ‍ॅपवरच्या चलानांच्या फोटोंत, उरलेली स्टोअरकीपरच्या वहीत. एक साइट क्रश सँड म्हणते, दुसरी त्यालाच नुसती वाळू."

"आणि चोर?"

"सांगते ना. वाघोलीच्या साइटवर कागदोपत्री ५६.६ घनमीटर वाळू आली, वापरली २०. बाकीची गायब! मालक म्हणाले, स्टोअरकीपरला आजच काढा. जुना माणूस हो! टीममधल्या एकानं तर लालभडक आलेखही काढून दिला. ही म्हणाली, एक दिवस थांबा. सकाळी हेल्मेट घालून साइटवर हजर. स्टोअरकीपरनं वही उघडली. वीसच होते, पण वीस ब्रास!"

"म्हणजे?"

"तुमच्या वरच्या मजल्याचं काम विसरलात? ब्रास भरत नाही म्हणून ट्रकवाल्याशी तुम्हीच भांडला होतात. ब्रास म्हणजे १०० घनफूट, घनमीटरात २.८३. वीस ब्रासचे झाले ५६.६. पुरवठादाराच्या बिलावर ब्रास छापलेलं, त्याचे हिच्या टीमनं नीट घनमीटर केले. वहीत नुसता आकडा. रोजच्या वहीत कोण 'ब्रास' लिहीत बसतो? मशीननं ते घनमीटर धरले. वाळू सगळी भिंतींत."

"बिचारा!"

"हिनं मालकांना सांगितलं, चूक आमची. पोराचं नाव घेतलं नाही. मला नाही पटलं, आलेखवाल्याचे कान उपटायला हवे होते. पण आता नवा पोरगा आला की आधी आठवडाभर साइटवर. डंपर मोजायचे, वजनकाट्याच्या पावत्या बघायच्या. सळईचंही तेच, काट्यावर किलो आणि इंजिनिअरकडे मीटर. १२ एमएमची सळई मीटरला ०.८९ किलो, हे पोरं आता झोपेतही सांगतात."

"स्टोअरकीपर रुसला असेल."

"टॅब दिलाय त्याला. माप निवडल्याशिवाय नोंद पुढे सरकतच नाही. तो ब्रास दाबतो, घनमीटर मशीन करतं. वही मात्र सोडलेली नाही त्यानं. आणि महिनाअखेरीला ही मशीनचा आकडा त्याच वहीशी ताडून बघते."