उजेड हवा, ऊन नको

आमच्या धाराशिवात उन्हाळ्यात कमी काय, तर पाणी. जास्त काय, तर ऊन. अशा गावात निवृत्तीनंतर एका माणसाला दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी काचेची पेटी आणून तिच्यात झाडं आणि मासे ठेवायचं सुचतं, तेव्हा शेजाऱ्यांचं त्याच्याबद्दल काय मत होत असेल हे मला माहीत आहे. एकाने ते तोंडावरच सांगितलं. "सर, नळाची वाट बघत आम्ही घागरी मांडून बसतो आणि तुम्ही पन्नास लिटर शोभेला ठेवलंय?" हिशेब चुकीचा नव्हता. खडी-माती वजा जाता पन्नासच्या आतबाहेरच भरतं.

मासे म्हणाल तर अगदी सरकारी. डासांच्या अळ्या खायला आरोग्य खातं विहिरी-डबक्यांत सोडतं ते गप्पी. झाडांमध्ये फितीसारख्या पानांची व्हॅलिसनेरिया, थोडी हायड्रिला आणि कोपऱ्यात नीरब्राह्मी. लहानपणी स्मरणशक्तीसाठी आईने मला जी खायला घातली, तीच. ती पाण्याखालीही सुखाने वाढते हे मला साठीनंतर कळलं, म्हणजे तिचा उपयोग किती झाला ते बघा.

पेटी मी पहिल्यांदा पश्चिमेच्या खिडकीत ठेवली. झाड म्हटलं की ऊन, हे शेतकऱ्याच्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. आठ दिवसांत पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखं झालं आणि आतले मासे केवळ श्रद्धेने आहेत असं मानावं लागलं. मग पेटी आतल्या भिंतीला लावली आणि वर जुनी ट्यूबलाईट बसवली. तिचा चोक इतका तापायचा, की हिने त्यावर पापड वाळवायची तयारी दाखवली. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मला उजेड हवा आहे, ऊन नको. आमच्याकडे ही जुळी भावंडं. सकाळी आठला दोघं हातात हात घालून अंगणात येतात आणि संध्याकाळपर्यंत हलत नाहीत. त्यांची ताटातूट करणं एवढाच या छंदाचा खरा उद्योग.

शेवटी एलईडीची पट्टी आणली. तापते तीही, पण पाठीकडून. पाण्यावर तिचा राग निघत नाही. मी खुशीत ती सकाळपासून बारा तास चालू ठेवली, तर पानांवर काळसर केसाळ शेवाळ. उजेड म्हणजे ताटात वाढलेलं अन्न. कर्बवायू आणि खत त्या मानाने मिळालं नाही तर झाडं ताटावरून उठतात, आणि उरलेल्यावर शेवाळ बसतं. सहा-सात तास पुरे होतात, म्हणून टायमर लावला. हा टायमर विजेवर फिरणारा, साधा. लाईट गेली की त्याचंही घड्याळ थांबतं. वैशाखात रोज दोन-तीन तास गेली म्हटल्यावर आठवड्याभरात पेटीतला दिवस असा मागे पडला, की आमच्याकडे रात्री निजानीज झाली तरी माशांकडे भर दुपार. आईला वाटलं मी मुद्दाम जागरण घालतोय.

उजेडाचं जमलं, पण उष्मा राहिलाच. मे महिन्यात पेटीतला पारा चौतीसवर गेला. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. 20 अंशाला लिटरमागे 9 मिलिग्रॅम, 30 अंशाला साडेसात. आणि नेमकं तेव्हाच माशांना जास्त लागतो. मी अर्धा लिटरच्या बाटल्यांत पाणी गोठवून पेटीत सोडलं. एका बाटलीने पारा जेमतेम एक अंश उतरतो, म्हणून एकदम चार सोडल्या. गप्पी तळाशी जाऊन बसले. दोन तासांनी पारा पुन्हा वर चढला, तेव्हा ते वर आले आणि माझ्याकडे बघू लागले. ती नजर मी दहावीच्या वर्गात बरीच वर्षं पाहिली आहे.

आई पलंगावरून हे सगळं बघत होती. म्हणाली, "आरं, माठाला वल्लं फडकं गुंडाळतूस, मग ह्या पोरांनी काय घोडं मारलंय?"

काचेला फडकं गुंडाळलं तर मासे दिसायचे कसे, हा माझा युक्तिवाद. पण रात्री झोप लागेना. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढतो, त्याच्या सातपट उष्णता एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना घेऊन जातं. माझ्याच जिल्ह्यात तेर, तिथे गोरोबाकाका कुंभार होऊन गेले, आणि मी फ्रीजर उघडून बसलो होतो! सकाळी झाकण काढलं, मासे उडू नयेत म्हणून मच्छरदाणीचा तुकडा ताणला (डास खाणाऱ्यांवर मच्छरदाणी, असो) आणि जुन्या कॉम्प्युटरचा बारा व्होल्टचा पंखा पाण्यावर तिरका बसवला. संध्याकाळी पारा तीस. मुंबईच्या दमट हवेत याच्या निम्मंही साधलं नसतं. आमची कोरडी हवा ओठ फोडण्याखेरीज कशाच्या कामी येते हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

आमच्याकडे ही अक्कल जुनीच आहे म्हणा. नळदुर्गला बोरी नदीवर आदिलशाहीत बांध घातला, त्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल. पावसाळ्यात वरून पाणी कोसळतं आणि माणूस आत, गारव्यात, खिडकीतून पाण्याचा पडदा बघत उभा. माझ्या पेटीचीच उलटी बाजू. फरक इतकाच, की तिथे पंख्याला अडॅप्टर लागत नाही.

पंखा रोज लिटरभर पाणी उडवतो, क्षार मात्र मागे ठेवतो. बोअरच्या जड पाण्याने भर घातली तर काचेवर पांढरी रेघ चढत जाते. म्हणून भर पिण्याच्या फिल्टरच्या पाण्याची. आठवड्याला बदललेलं दहा लिटर तुळशीला आणि कढीपत्त्याला जातं. कढीपत्ता इतका माजला, की घागरीवाले शेजारी हल्ली फोडणीच्या वेळी आमच्या फाटकाशी येतात आणि पन्नास लिटरांचा विषय काढत नाहीत.

एका रात्री तीनला लाईट गेली. पंखा बंद, फिल्टर बंद. अंधारात झाडंही प्राणवायू देत नाहीत, उलट आपल्यापुरता घेतात. बॅटरीच्या उजेडात सगळे गप्पी पृष्ठभागाला तोंड लावून. मी तांब्या घेतला, पाणी काढून हातभर वरून धार धरली. पुन्हा काढलं, पुन्हा धार. हवा मिसळायला याहून चांगला उपाय हाताशी नव्हता. ही दारात येऊन उभी राहिली.

"तुळजापूर हाकेच्या अंतरावर असताना," ती म्हणाली, "अभिषेक घरी का?"

थंडीत पेटीला पन्नास वॉटचा हीटरही लागतो, कारण इथल्या थंडीतल्या रात्री गप्प्यांना सोसत नाहीत. पण धाराशिवात पाणी गरम करायला यंत्र आणलंय, हे मी अजून शेजारी कळू दिलेलं नाही.

परवा भर दुपारी पुन्हा लाईट गेली. घरात अडतीस, पेटीत तीस. आई काठी टेकत आली, मच्छरदाणीचा कोपरा उचलून दोन बोटं पाण्यात बुडवली आणि डोळे मिटले. खाऊ आला समजून गप्पी बोटांभोवती गोळा झाले. लाईट आली, पंखा फिरू लागला, तरी तिने हात काढला नाही.