ज्ञानगंगा, पर्लकोटा आणि मोहाचं झाड

पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या माणसाला रात्र जागायचं काही वाटत नाही. वडशाच्या मंडळींचं नाटक पहाटेपर्यंत पाहून तोच माणूस सकाळी कामावर हजर असतो. तेव्हा 'नोकरी सांभाळून ऑनलाइन पदवी' ही सोय खास आमच्यासाठीच निघाली असणार.

1989 मध्ये नाशकात मुक्त विद्यापीठ निघालं, 'ज्ञानगंगा घरोघरी' म्हणत. तेव्हा पुस्तकांचा गठ्ठा मिळायचा, सुट्टीच्या दिवशी संपर्क सत्र व्हायचं. आता गंगा मोबाइलमध्ये उतरली. 2022 मध्ये यूजीसीने ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची असल्याचं सांगितलं आणि त्याच वर्षी एकाच वेळी दोन पदव्या घ्यायचीही मुभा दिली. नोकरी एक मिळेना, पदव्या मात्र दोन घ्या!

एटापल्लीकडचा एक वनरक्षक एमपीएससीचा फॉर्म भरता यावा म्हणून पदवी करतो. दिवसभर बीटावर पायपीट आणि संध्याकाळी टेकडीवरच्या ठरावीक मोहाच्या झाडाखाली वर्ग. टॉवर तिथेच पकडतो. फोन फांदीच्या बेचक्यात खोचायचा आणि हात लावायचा नाही. हलला की प्राध्यापक गोठतात. व्हिडिओ शेवटपर्यंत चालला की हजेरी लागते. समोर विद्यार्थी होता की माकड, याची चौकशी होत नाही.

पदवीला पर्यावरण हा विषय सक्तीचा. यूजीसीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रभेट आहे: जवळची नदी, जंगल किंवा डोंगर पाहून या आणि नोंदी करा. वनरक्षकाने रीतसर रजेचा अर्ज टाकला, कारण 'जंगल पाहणे'.

साहेब म्हणाले, "काऊन बा, रोज काय पाहून राहिला मग?"

"रोज ड्युटी करून राहिलो जी. अभ्यास रजेवरच होते."

रजा मिळाली. त्याने वाघाचा माग स्वतः मोजून लिहिला, कोणत्या नाल्यावर अस्वल कोणत्या महिन्यात उतरतं तेही लिहिलं. शेरा आला, 'संदर्भग्रंथ नाहीत'. मार्क बेताचे. त्याच्या सोबत्याने सुंदरबनवरचा तयार अहवाल उतरवून दिला. त्याला पैकीच्या पैकी. नाल्यावरच्या अस्वलाने एखादं पुस्तक लिहिलं असतं तर आमच्या गड्याचंही भलं झालं असतं.

त्याच अभ्यासक्रमात दुसरी भेट आहे, 'स्थानिक प्रदूषित स्थळा'ची. ही आली चंद्रपूरच्या 2920 मेगावॅटच्या वीज केंद्रातल्या एका ठेकेदारी कामगाराच्या वाट्याला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2009 च्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत चंद्रपूर देशात चौथं होतं. आता अशा गावात स्थळ शोधायला जायचं तरी कुठे? नाइट शिफ्ट करून तो घरी आला, खिडकी उघडली आणि लिहायला बसला. पुरावा आपोआप कागदावर येऊन बसत होता. तपासनिसांनी शेरा मारला, 'कागद अस्वच्छ'.

आता जाहिराती सांगतात की शिका आणि कमवा. आमच्याकडे गडी कमावतो, त्यातून फी भरतो आणि जे त्याला आधीच येतं ते आपल्याला येतं असा कागद विकत आणतो. कागद नसला तर त्याचं जंगल खोटं, त्याची राख खोटी.

म्हणून आमची एक नम्र सूचना आहे. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समित्यांसाठीही सहा महिन्यांचा एक ऑनलाइन शिक्षणक्रम काढावा. केंद्र भामरागड, सत्र पावसाळी. दिवसा वनरक्षकामागून बीट फिरायचं, रात्री गृहपाठ. पर्लकोटा नदी चढून रस्ता बंद झाला तरी अपलोडची शेवटची तारीख वाढणार नाही. तांत्रिक अडचण आल्यास हेल्पलाइनला ईमेल करावा. मोहाचं झाड आम्ही दाखवू. फांदी मात्र ज्याची त्याने शोधावी.